नकाशातून निसटलेलं बेट

बेलरिव्ह, ८ मे १९८१

चि. एमरिक यास ओडीलताईचे अ. उ. आ.

आधी चष्मा शोध, मग सोबतचं कात्रण बघ. वॉशिंग्टनच्या काँग्रेससाठी आपल्या राज्याच्या मतदारसंघांचा नवा नकाशा छापून आलाय. दर दहा वर्षांनी शिरगणती झाली की राजधानीतली मंडळी कात्री घेऊन बसतातच, त्यात नवल नाही. पण मी भिंग लावून पाहिलं, तुमचं सेंट ऑबिन बेट एकाही मतदारसंघात नाही! पोस्टातल्या बाईंनाही सापडेना.

आखणाऱ्याने मिसिसिपी नदी हीच राज्याची सीमा धरून रेघ ओढलेली दिसते. आजोबांच्या लहानपणी पुरात नदीने पात्र बदललं, आपलं गाव जुन्या पात्राच्या वेढ्यात, पलीकडच्या तीराला टाकलं, पण राज्य मात्र हेच राहिलं, हे त्या बापड्याला कोण सांगणार? हसू नकोस. तुमच्या पूर अडवणाऱ्या बांधाच्या पायथ्यातून पाणी झिरपतंय असं तूच लिहिलं होतंस. दुरुस्ती मंजूर व्हायची वॉशिंग्टनला, आणि तिथे आपल्यासाठी भांडायला खासदार लागतो. मतदारसंघच नसेल तर खासदार कुठला?

डब्यात क्रोकिन्योल, आपल्या त्या तळलेल्या गोड वळ्या, पाठवतेय. चार घरी दे, एकटा खाऊ नकोस.

पत्राची वाट पाहायला लावू नये, एवढंच मागणं.
ओडील

सेंट ऑबिन, १३ मे

ती. ओडीलताईस एमरिकचा शि. सा. न. वि. वि.

डबा पोचला. एकट्यानेच खाल्ला.

कात्रण पाहून आधी पोट धरून हसलो. याच स्वयंपाकघरात बसून मी आजवर चार नंबरांच्या मतदारसंघांत राहिलोय, खुर्चीसुद्धा न हलवता. आता तर नंबरच नाही! बाबा सांगायचे, पूर्वी आपला मतदारसंघ नदीकाठाने लांबच लांब पसरलेला होता, सगळी बोटींच्या धक्क्यांची गावं. निवडून येणाऱ्याला निदान पोहता तरी यायचं. मग पूर्वेचे खाणवाले जोडले, आणि तेव्हापासून तुझे डेमोक्रॅट जे ठाण मांडून बसले ते उठायचं नाव घेत नाहीत. दर निवडणुकीला तू त्या खासदार टॉलिव्हरला मत देतेस, मी त्याच्या विरुद्ध देतो आणि तुझं मत खोडून टाकतो. आता तुला रान मोकळं.

पण संध्याकाळी बांधावर गेलो आणि हसू मावळलं. पायथ्याशी वाळू उकळल्यासारखी वर येतेय. आम्ही पोती रचली, पण पोत्यांवर किती दिवस काढणार? बांध फुटला तर शेतं, चर्च, आईबाबांच्या कबरी, काहीच उरायचं नाही. मला भीती वाटते, ताई. गावात कुणाला बोललो नाही.

रागव, पण विसरू नकोस.
एमरिक

बेलरिव्ह, २७ मे

चि. एमरिक यास अ. उ. आ.

तुला न विचारता टॉलिव्हरच्या कचेरीत फोन केला. त्यांनी लगेच चौकशी केली. नकाशा आखणाऱ्या समितीने चूक कबूल केली, पण आता आगीतून फुफाट्यात! बेट उत्तरेच्या मतदारसंघाला जोडणार म्हणे, कारण सगळ्या मतदारसंघांत माणसं सारखी लागतात आणि तिथे थोडी कमी पडतात. तिथला खासदार शहरातला. त्याने नदी पाहिली असेल ती पुलावरून, गाडीच्या काचेतून. टॉलिव्हरला तू काहीही म्हण, पण त्र्याहत्तरच्या पुरात तुमच्या बांधावर तो चिखलात उभा राहून पोती उचलत होता. दुरुस्तीची मागणीही त्यानेच पुढे रेटलीय. नवा माणूस आला की सगळं पहिल्यापासून.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी राजधानीत समितीपुढे सुनावणी आहे. बोलायला बेटावरचाच माणूस हवा, आणि प्रत्येकाला तीनच मिनिटं. तू जा. नाक मुठीत धरून का होईना, टॉलिव्हरचाच मतदारसंघ माग. तुला किती जड जाईल हे मला ठाऊक आहे. बाबांचा कोट घालू नकोस, त्याला कसर लागलीय.

तुझ्या जिभेला त्या दिवशी सद्बुद्धी होवो.
ओडील

सेंट ऑबिन, १९ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी: आज नवा नकाशा आला. आम्ही तुझ्याच मतदारसंघात आहोत! इतके दिवस छातीवर दगड होता, तो उतरला.

सुनावणीची हकीकत ऐक. कोट बाबांचाच घातला. नदी कशी फिरली ते सांगितलं, तर समितीतले लोक घड्याळाकडे बघायला लागले. एक तरुण गृहस्थ म्हणाले की उत्तरेला जोडलं की आकडे छान जुळतात. मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आमचं कोर्ट, दवाखाना, बहीण, सगळं टॉलिव्हरच्या मतदारसंघात आहे. त्या माणसाला मी जन्मात मत दिलेलं नाही आणि देणारही नाही, पण माझी बहीण देते, आणि तिचं मत खोडायला मला तिच्याच मतदारसंघात राहायला हवं. सगळे खो खो हसले. अध्यक्षबाईंनी डोळे पुसत विचारलं की एवढा राग आहे, तर त्याचाच हट्ट का? मी सांगितलं की भांडायला ओळखीचा माणूस बरा. माझा बांध कुठे गळतो ते त्याला माहीत आहे. तेव्हा कुणी हसलं नाही. बाईंनी पेन्सिल मागवून घेतली.

घरी येऊन चक्क रडलो. तुला सांगायला लाज वाटत नाही.

डबा परत पाठवतोय, भरून यावा.
एमरिक

बेलरिव्ह, १० ऑक्टोबर १९८२

चि. एमरिक यास अ. उ. आ.

लष्कराचे इंजिनियर बांधाच्या दुरुस्तीचं काम संपवून गेल्याचं कळलं. परवा पावसाची झड लागली होती, तरी मी शांत झोपले. पण एक सांगते, निदान या खेपेला तरी टॉलिव्हरला मत दे. गरज सरो, वैद्य मरो, असं आपल्या घराण्यात नाही. गुडघा बरा आहे.

शहाण्यासारखं वाग, म्हणजे माझी माया वाया जाणार नाही.
ओडील

सेंट ऑबिन, १७ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

वैद्य ठणठणीत आहे. शनिवारी गावजेवणाला आला होता, तीन ताटं मासे खाऊन गेला. बांधावर नेऊन त्याचा हात हातात घेतला, मनापासून आभार मानले, आणि तोंडावर सांगितलं की मत मात्र मिळणार नाही. तो म्हणाला की ते त्याला राजधानीतून आधीच कळलंय.

मतदानाच्या दिवशी तू तिकडे त्याला मत दे आणि थेट इकडे जेवायला ये. मी सकाळीच त्याच्या विरुद्ध देऊन चूल पेटवून ठेवतो. दोघांची बेरीज नेहमीसारखी शून्यच येईल, ताई. पण एका मतदारसंघात येईल.

तुझं मत खोडणारा, तुझाच
एमरिक