गिऱ्हाइकांची गादी

शेट, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही निवलेला नाही. गेलेल्या माणसावर कसला राग धरतेस, असं घरचे म्हणतात. मी धरते. डिचोलीच्या बाजारात तुमच्या साड्यांच्या दुकानासमोरच मी दुकान टाकलं, ते तुमच्या नाकावर टिच्चून. आणि ते उघडायच्या आधीच तुम्ही मेलात. ही तुमची शेवटची लबाडी, असंच मी समजते.

तुमची ती पांढरी गादी मला अजून दिसते. भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेली, रोज सकाळी आम्ही पोरींनी झाडून, चादर ताणून ठेवलेली. तिच्यावर तुम्ही लोडाला टेकून बसायचे आणि गिऱ्हाइकं मांडी घालून बसायची. आम्ही मात्र सकाळी शटर उघडल्यापासून उभ्या. साडी दाखवायची तीही कमरेत वाकून. दुपारी सगळा बाजार बंद व्हायचा, लोक घरी जाऊन जेवून आडवे व्हायचे, आणि लांबच्या गावांतल्या आम्ही, ज्यांना तेवढ्या वेळात जाऊन यायला बस नव्हती, अर्ध्या शटराच्या आत उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत असायचो. डबा खायचा तोसुद्धा मागच्या मोरीपाशी, उभ्याने. पंखा तुम्ही जाताना बंद करून जायचे. कोणी कुरकुर केली की तुमचं ठरलेलं उत्तर असायचं, "तू गेलंस तर दुसरी येतली." आणि खरंच येत होती. दर गणेश चवथीनंतर एकदोघी कमी व्हायच्या, नव्या यायच्या, त्यांचेही पाय सुजायचे.

एक दिवस माझी आई येते. नार्व्याहून बसने, मामाच्या मुलीच्या लग्नाला साडी घ्यायला. लेक कामाला आहे त्याच दुकानातून घ्यायची, याचा तिला कोण अभिमान! तुम्ही हसून म्हणता, "ये गो बाय, बस." ती चप्पल काढून, पदर सावरून गादीवर बसते. मी तिच्यासमोर साडी पसरते आणि काठ दाखवता दाखवता, आईच आहे म्हणून, नकळत तिच्या शेजारी टेकते.

"उठ गो! ती गादी गिरायकांची. बसाक पगार देतंय तुका?"

सगळं दुकान वळून बघतं. मी उठते. मग आईसुद्धा गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठते. तुम्ही म्हणता, "तू कित्याक उठलंस? तू बस." आई माझ्याकडे बोट करून म्हणते, "माझा चेडू उभा आसा, मी कशी बसू?" आणि तुम्ही, शेट, हसलात. म्हणालात, "मगे चेडवाक घराकडे बसवन ठेव." आईने साडी घेतली, उभ्यानेच. परतीच्या बसपर्यंत मी तिला सोडायला गेले नाही, कारण तुम्ही सोडलं नाहीत. तुमच्या बाकीच्या सगळ्या गोष्टी मी एखाद्या वेळी विसरले असते. ते हसणं नाही.

म्हणून माझ्या दुकानात पहिल्या दिवसापासून प्रत्येक पोरीला खुर्ची आहे. लोक मला मायाळू म्हणतात. कसली माया? प्रत्येक खुर्ची घेताना मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घातल्या आहेत. तुमच्या मुलाने तुमचीच रीत चालू ठेवली, आणि त्याच्या पोरी एकेक करून रस्ता ओलांडून माझ्याकडे आल्या. मी एकीलाही बोलवायला गेले नव्हते. खुर्च्या रस्त्यावरून दिसत होत्या, तेवढं पुरलं. मोपाला विमानतळ झाला आणि अख्ख्या बाजारातल्या मुली तिकडे पळाल्या, तेव्हाही माझ्या पोरी टिकल्या. शेवटी तुमच्या मुलाने दुकान बंद केलं, सामान विकायला काढलं. मी गेले आणि ती गादी लोडासकट घेऊन आले. उचलायला माझ्या सगळ्या पोरी आल्या होत्या. तुमचा मुलगा खाली बघत राहिला. मला फार बरं वाटलं.

आता ती माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. दुपारी शटर ओढलं की पोरी तिच्यावर पाय पसरून झोपतात, पंखा पूर्ण जोरात. एक तर चक्क घोरते. तुमच्या लोडावर तिची लाळ गळते, शेट, आणि मी ते डोळे भरून बघते.

परवा आईला मुद्दाम घेऊन आले. पोरींनी तिला मधोमध बसवलं. तिने चादरीवरून हात फिरवला, गादी ओळखली आणि मला म्हणाली, "आता तरी बस गो माझ्या बाजूक." मी बसले. तेवढ्यात बाहेर कोणीतरी शटर वाजवलं आणि मी ताडकन उभी. एकही पोर जागची हलली नाही, फक्त मीच. पुन्हा बसायचा प्रयत्न केला, जमेना. चादर चुरगळली असेल, एवढंच डोक्यात. आईने माझ्याकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून तीही उठली.

हे पत्र तुमच्या मुलाच्या हाती द्यायचं ठरवलं होतं. तुमचं कसं नाक कापलं ते घरात कोणालातरी कळावं म्हणून. पण देणार नाही. दुकानात एवढ्या खुर्च्या आहेत, मागे तुमची गादी आहे, आणि हे सगळं मी काउंटरपाशी उभ्यानेच लिहिलं आहे.