एकास बाराचा चढ

३ फेब्रुवारी, सोमवार
आईचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. पंधरा दिवसांनी घरी सोडतील, पण पुढे निदान दीड महिना चाकाची खुर्ची. घरापुढे चार पायऱ्या. ताई म्हणाली, ओळखीचा कंत्राटदार आहे, तीन दिवसांत उतार बांधून देईल. साफ नकार दिला. भूमितीत मला शंभरात चौऱ्याण्णव होते. आईचा उतार परक्या माणसाच्या हाती देणार नाही. संकल्प: अठरा तारखेच्या आत काम फत्ते.

४ फेब्रुवारी
नियम सापडला. एक फूट वर चढायला बारा फूट लांबी. चार पायऱ्या म्हणजे दोन फूट, म्हणजे चोवीस फूट लांबी. अंगण अठरा फूट. अंगण बांधणाऱ्याने विचारच केलेला नाही.

५ फेब्रुवारी, सकाळी ७
सुचलं. बारा फूट चढायचं, वळायचं, बारा फूट चढत परत यायचं. बाजूने चित्र काढलं तर पहिल्या रेषेचा चढ एक छेद बारा, दुसरीचा उणे एक छेद बारा. चिन्हं विरुद्ध, म्हणून रेषा परस्परांना लंब, असं लिहून खाली दोनदा रेघ मारली. हिने चहा ठेवता ठेवता पाहिलं. म्हणाली, लंब असतील तर आईंना भिंत चढावी लागेल. दोन्ही चढांचा गुणाकार केला. लंब असायला उणे एक यायला हवा होता, उणे एक छेद एकशे चव्वेचाळीस आला. मी तिची परीक्षा घेत होतो.

९ फेब्रुवारी
दवाखान्यात गेलो नाही. तिथे स्टुलावर बसून काय करणार? त्यापेक्षा कठड्याचं ड्रॉइंग केलं. कठडा उताराला समांतर हवा. चढ समान, म्हणजे समांतर. पाच वेळा काढला. आईचा फोन आला, कधी येतोस. उद्या, म्हणालो.

१० फेब्रुवारी
आलेखाचे कागद आणायला गेलो. दवाखाना वाटेवरच आहे. पण कागद चुरगळले असते.

१३ फेब्रुवारी
गवंडी आला. विचारलं, कठड्याचे खांब कसे? मी समजावलं, उताराला काटकोनात. उताराचा चढ एक छेद बारा, तर खांबाचा उणे बारा. त्याने पिशवीतून ओळंबा काढून दोरीला लोंबता धरला. म्हणाला, साहेब, उतारावरसुद्धा माणूस असाच उभा राहतो, सरळ. खांब तिरके लावले तर म्हातारं माणूस धरणार कसं? मी विचाराला दोन दिवस मागून घेतले. उगाच घाई नको.

१५ फेब्रुवारी
विचाराअंती गवंड्याचं म्हणणं मान्य केलं. फोन केला तर त्याने दुसरीकडे काम धरलेलं. चोवीसला येतो म्हणाला. शब्दाची किंमत राहिली नाही लोकांना.

१८ फेब्रुवारी
आई घरी आली. मी आणि भाऊजींनी खुर्चीसकट उचलून पायऱ्यांवरून वर नेलं. तिने डोळे गच्च मिटले होते आणि माझी कॉलर धरली होती. वजन काहीच नव्हतं. इतकं कमी वजन मी कुठल्याच हिशेबात धरलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी
गवंडी आला. काँक्रीट पडलं. सात दिवस पाणी मारायचं, त्यावर चालायचं नाही. आईला व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यायला सांगितलंय. दर वेळी उचलून कसं नेणार? आठवड्याचा तर प्रश्न आहे.

६ मार्च
कठडा बसला. खांब ओळंब्यात. वरच्या टोकाला मोजलं, उतारापासून बत्तीस इंच. खालच्या टोकाला, बत्तीस इंच. हिला बोलावून दाखवलं. म्हणाली, आईंना दाखवा. म्हटलं, रंग झाल्यावर.

७ मार्च
रंगाचा पहिला हात. आईला खिडकीतून वास आला. काय चाललंय, विचारत होती. सरप्राइज आहे, म्हणालो.

१० मार्च
डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. पाय आखडलाय. हे तीन आठवडे वाया घालवायला नको होते, म्हणाले. ताई म्हणाली, मी नेते, माझ्या घराला पायरीच नाही आणि व्यायामाचा दवाखाना त्याच गल्लीत आहे. मी ड्रॉइंग आणून दाखवायला लागलो. ताईने कागद हातात घेतला, न बघता घडी करून परत दिला. आई म्हणाली, जाते मी.

११ मार्च
सकाळी दहाला निघाली. मीच खुर्ची ढकलली. पहिला टप्पा, वळण, दुसरा टप्पा. कुठे धक्का नाही. चढाचं गणित बरोबर होतं. आईने वाटभर कठड्यावरून बोटं फिरवत नेली. खाली आल्यावर विचारलं, तू केलंस का रे हे? म्हटलं, हो. मग म्हणाली, तू दवाखान्यात येईनास, मला वाटलं माझं काही चुकलं. रागावला असशील.

ड्रॉइंग चालू होतं, एवढंच मला म्हणता आलं. तिने मान डोलावली.

गाडीत बसवताना तिने माझी कॉलर धरली नाही. ताईच्या खांद्यावर हात टाकला.