स्टाफरूममधला बोंबल्या

५ डिसेंबर १९७०
आजपासून डायरी. थोर चित्रकार लिहितात म्हणे.
स्टाफरूममध्ये आज एक घाण आली. इंग्रजीच्या शमुवेल सरांना मिशनच्या पाहुण्यांनी परदेशी कॅलेंडर दिलं. त्यातलं एक पान त्यांनी फ्रेम करून थेट माझ्या खुर्चीसमोर टांगलं. पुलावर एक टकल्या, दोन्ही हात कानांवर, तोंड वासलेलं. मागून दोघे जण आरामात चाललेत. आकाश लाल, वेडंवाकडं. नॉर्वेचा कुणी मुंक. जगभर गाजलाय म्हणे. हातात हाडं नाहीत! माझ्याकडे ड्रॉइंगच्या एलिमेंटरीला नापास झाला असता. आणि पुलावर असं बोंबलत कोण उभं राहतं?
मी त्याचं नाव बोंबल्या ठेवलं. शाळेत सगळ्यांनी उचललं. माझा असा प्रभाव आहे.

९ डिसेंबर
संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांचं ऑइल पेंटिंग नव्या हॉलमध्ये लागणार. काम माझ्याकडे! हेडमास्तर म्हणाले, साहेबांना आवडलं तर जूनपासून नोकरीत कायम. आवडणारच. विजयमालाला सांगितलं, तुझा नवरा कायम झालाच समज. ती म्हणाली, आधी काढा तर.

१५ डिसेंबर
शिपाई बन्सीने स्वतःच्या जोंधळ्यातल्या बुजगावण्याच्या मडक्यावर चुन्याने बोंबल्या रंगवला. म्हणतो, पाखरं लई भ्यात्यात. आता पाटाच्या दोन्ही अंगांना शेतोशेत बोंबले. पाटाकडेचा शेतकरी गहिनीनाथ मडकं घेऊन माझ्या दारात. मास्तर, आमालाबी त्योच काढून द्या. हाकलला.

१८ डिसेंबर
गहिनीनाथला परत बोलावलं. लोकांना चांगलं दाखवायलाच हवं. मडक्यावर शास्त्रशुद्ध चेहरा काढला. नाक, डोळे मापात. ओठांवर मंद हसू. फुकट.

२१ डिसेंबर
गहिनीनाथ भांडायला आला. चिमण्या मडक्यावरच बसत्यात, म्हणाला. म्हणजे चेहरा किती जिवंत असेल! त्याला काही कळलं नाही. मडकं पुसून त्याने बन्सीकडून बोंबल्या काढून घेतला.

२८ डिसेंबर
साहेबांचं चित्र उद्या सुरू. नक्की.
शाळा सुटल्यावर हल्ली बोंबल्यासमोर बसतो. त्याच्या चुका टिपून एक लेख लिहायचाय. निव्वळ द्वेषापोटी बसतो. शमुवेल सर म्हणाले, आवडलेलं दिसतंय. असल्या माणसाच्या तोंडी कोण लागणार?

७ जानेवारी १९७१
चित्र सुरू नाही. थंडीत ऑइल वाळत नाही. शिवाय बोंबल्याच्या चुका संपत नाहीत. काल स्वप्नात आला नालायक.

१८ जानेवारी
साहेब कॅनव्हासवर उतरले! भाषणाच्या ऐन भरात दाखवलेत, म्हणून तोंड उघडं. विचारवंत आहेत, म्हणून हात गालाशी. मागे त्यांच्या साखर कारखान्यावरचा सूर्योदय. विजयमाला बघून म्हणाली, साहेबांची दाढ दुखतीय का? तिला एक्स्प्रेशन कळत नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर अनावरण. पडदा सरकला. मग मागून कुणीतरी ओरडलं, बोंबल्या! सगळा हॉल फुटला. आप्पासाहेब चित्राजवळ गेले. म्हणाले, मास्तर, मला झालंय तरी काय? मी म्हणालो, साहेब, हे आपलं तेज. साहेब मोठ्या मनाचे. चित्र गाडीत घालून घरी नेलं. म्हणजे हॉलमध्ये ठेवायला जीव झाला नाही. हेडमास्तर कायम करण्याबद्दल बोलले नाहीत. गडबडीत असतील.

२९ जानेवारी
हेडमास्तरांनी बोलावलं. जूननंतर दुसरीकडे बघा, म्हणाले. हॉलमधला खिळा रिकामा बरा दिसत नाही म्हणून तिथे तूर्त बोंबल्या लावलाय. माझ्या खिळ्यावर! रडूच आलं. विजयमालाला अजून सांगितलेलं नाही.
संध्याकाळी साहेबांकडे दाद मागायला निघालो. पाटावरच्या पुलापर्यंत पोचलो, तर खाली साहेबांच्या जोंधळ्यात माझं चित्र. बांबूला सुतळीने करकचून बांधलेलं. शेजारच्या रानातून बन्सी ओरडला, मास्तर, तुमचं चित्तर लई गुनाचं हाय! एक पाखरू न्हाई! थांबेचना. पुन्हा पुन्हा तेच. मी कठड्याशी उभा राहिलो आणि दोन्ही हात कानांवर दाबले. त्याला गप्प बस म्हणायला तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. आकाश लाल झालं होतं.
मागून हेडमास्तर आणि शमुवेल सर बोलत येत होते. थांबले नाहीत.