वसंताचं पान

१२ ऑगस्ट, मंगळवार

बरेच दिवस वहीला हात लावला नाही, चुकलंच. मोतीबिंदूचं निमित्त होतं, पण डोळा बरा होऊन महिना झाला. खरं म्हणजे लिहायला बसलो की जे लिहायचं नाही तेच आधी सुचतं.

आज गावाहून फोन. माहेरीच राहिलेल्या आमच्या थोरल्या आक्काचा मुलगा प्रकाश. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, त्याने मला नाही. आता पन्नाशीला आला असेल. "मामा, सुनीलदादाच्या फेसबुकवरून नंबर काढला तुमचा. आता सुटका नाही." वाडीने व्हॉट्सअपवर ग्रुप केलाय. मुंबईकर म्हाताऱ्यांनी जुन्या आठवणी सांगायच्या, घराण्याची माहिती द्यायची. प्रकाश ते सगळं टिपून वाडीच्या शाळेत वाचून दाखवणार, पोरांना आपली माणसं कळावीत म्हणून.

मी म्हटलं, मी चौथी शिकलेला माणूस, मला काय येतं. तर म्हणाला, "लिहू नका, नुसतं बोला. आई वाट बघते. तिला दिसत नाही, पण ऐकू झकास येतं."

आक्काला ऐकू येतं. हेच नको होतं.

बी.पी.ची गोळी दोनदा घेतली की एकदा, आठवत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

स्मिताने (सूनबाई, सुनीलची बायको) फोनमध्ये ग्रुप लावून दिला. लोक विहिरीचे, देवळाचे, कुणाकुणाच्या आजोबांचे फोटो टाकतात. आमच्या घराचाही एक. ओटी तीच. खांबाला टेकून आक्का बसलीय, एवढीशी झालीय. डोळे फोटो काढणाऱ्याकडे नाहीत, वाटेकडे आहेत.

स्मिता म्हणाली, "बाबा, बोला ना तुम्हीपण. घरी तर दिवसभर बडबडता." मग बोललो. ती आत गेल्यावर, गॅलरीत बसून. समोर इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या मशीनचा आवाज होता, तेवढाच आधार.

कणगीची गोष्ट सांगितली. लहानपणी भाताच्या रिकाम्या कणगीत लपून बसलो होतो आणि अख्खी वाडी शोधत होती ती. आतून बांबूच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा कशा अंगावर पडतात, शेणाने सारवल्याचा वास, भाताचं तूस मानेत कसं टोचतं. दुपारभर आई हाका मारत होती. शेवटी आक्काने कणगीत डोकावून कान धरला. चार मिनिटं बोललो. पन्नास वर्षांत इतकं गोड वाटलं नव्हतं.

लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. प्रकाश म्हणाला, "मामा, तुम्ही तर रेडिओवर पाहिजे होतात."

१५ ऑगस्ट, शुक्रवार

खाली झेंडावंदन. लाडू मिळाला. घरी येऊन बघतो तर आक्काचा आवाज. प्रकाशच्या फोनवरून. पन्नास वर्षांनी तिचा आवाज, आणि पहिलंच वाक्य:

"कणगीत वसंतो लपललो रे. दत्तो न्हय. तू तेवा शाळेत होतंस. भितुरसून कसा दिसता ता तुका कसा ठावक?"

पुढे काही नाही. मागे कोंबडी ओरडली आणि बंद.

लाडू खाववला नाही.

१६ ऑगस्ट

उत्तर दिलं. म्हटलं, वसंतानेच मला सांगितलं होतं, इतक्या वेळा की आपलंच वाटतं. प्रकाशने हसण्याचं चित्र टाकलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

लिहून टाकतो. इथे तरी. वही गाद्यांच्या खाली ठेवीन.

मी दत्ताराम नाही. मी वसंत.

दत्ता मोठा, मी दोन वर्षांनी धाकटा. तो मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, नुकताच कायम झाला होता. मी गावाहून नवीन आलेलो, बदली कामगारांतही नाव नाही. त्याला कावीळ झाली. लांब रजा पडली तर जागा जाईल अशी भीती. त्यालाच सुचलं. म्हणाला, "माझा बिल्ला घे. आठ दिवस तू उभा राहा. तोंडं सारखी, मुकादम नवा, कोण बघतोय?" मी उभा राहिलो. मग दत्ता मिलमध्ये हजर आणि हॉस्पिटलातही, हे कसं चालेल? म्हणून हॉस्पिटलात त्याचं नाव लावलं वसंत. माझं.

अकराव्या दिवशी गेला. मी साच्यावर होतो.

कागद झाला वसंतच्या नावाचा. भटजींनी विचारलं, नाव काय? कागद त्यांच्या हातात होता. माझंच नाव घेऊन मी पाणी सोडलं. गावी पत्र शेजाऱ्याने लिहिलं, कागद बघून. मला लिहिता येत होतं. मी थांबवलं नाही. चार दिवसांत दुरुस्त करू म्हटलं, आधी जागा पक्की राहू दे. मग महिना गेला. मग गावात माझं सगळं करून झालं होतं, आणि मेलेल्याला जिवंत कसं करतात ते मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून गाव नाही. तोंड दाखवलं असतं तर आईने ओळखलं असतं. पत्रं मात्र लिहायचो, दत्ता म्हणून. लग्न घाटावरची मुलगी बघून केलं. ती नवऱ्याचं नाव घेत नसे. एवढं एक बरं झालं.

२० ऑगस्ट

बरं वाटेल म्हणून लिहिलं होतं. वाटलं नाही. गादीवर झोपलो तर पाठीखाली वही आहे हे कळत राहतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

प्रकाशने मला एकट्याला फोटो पाठवला. गेल्या वर्षीच्या म्हाळाचा. आमच्याकडे पितृपक्षातल्या दशमीला म्हाळ, घरच्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं पान मागच्या दारी मांडतात, कावळ्यासाठी. चार पानं. आजा, बाबा, आई, आणि कडेला एक. तीन विस्कटलेली. कडेचं जसंच्या तसं, वाढल्यासारखं.

खाली त्याने बोलून पाठवलंय: "मामा, घराण्याच्या माहितीत हे घालू का सांगा. वसंतमामाच्या पानाला कावळा कधीच शिवत नाही. मी लहान होतो तेव्हापासून बघतोय. आई त्याच्या आवडीचे शिरवाळे करते, नारळाच्या रसातले. बाकीची तिन्ही पानं दोन मिनिटांत साफ. ह्याच्याजवळ कावळे येतात, मान वाकडी करून बघतात, निघून जातात. शेवटी आम्ही गाईला घालतो. आई म्हणते, त्याचं काहीतरी राहिलंय. तुम्हाला काही बोलला होता का तो शेवटी?"

शिरवाळे, रसातल्या त्या तांदळाच्या शेवया, मला आवडायचे. दत्ता गोड तोंडात धरत नसे.

तो येत असेल दर वर्षी. दुसऱ्याचं पान बघून परत जात असेल.

मला दर वर्षी त्या दिवशी भूक लागते. कितीही जेवलो तरी पोट भरत नाही. बायको हसायची, "आज काय राक्षस शिरला का अंगात?" मी कधी दोन्ही गोष्टी जोडल्या नव्हत्या. की जोडल्या होत्या आणि

२६ ऑगस्ट, मंगळवार

सुनीलला सुट्टी मिळाली. म्हणाला, गणपतीला गावी जाऊ. मी गुडघा धरला.

"काय यार बाबा, दर वेळी तुमचं काहीतरी. माझं गाव असून मी पाहिलं नाही. ऑफिसात लोक विचारतात, कोकणात कुठे? मी काय सांगू, गूगलवर बघून सांगतो?"

स्मिता म्हणाली, "असू दे रे, त्यांना त्रास होतो." कसला ते विचारत नाही ती. समजूतदार आहे. कधीकधी वाटतं, फार समजूतदार आहे.

सुनीलच्या प्रत्येक कागदावर बापाचं नाव दत्ताराम. पोराला सांगितलं तर त्याचा बाप कोण राहिला?

३१ ऑगस्ट, रविवार

दुपारी ग्रिलवर कावळा. पोळीचा तुकडा ठेवला. मान वाकडी करून बघितलं आणि गेला. प्रकाशने सांगितलं तसंच. स्मिताला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, "शिळी होती बाबा पोळी."

५ सप्टेंबर, शुक्रवार

आक्काचा आवाज. फक्त मला. तीन वेळा ऐकला, आठवेल तसा उतरवतो.

"दत्ता, एक विचारतंय. आये गेली तेवा तू येवक नाय. बरा, ता सोड. जावच्या आदल्या दिसा ती सारखी म्हणत होती, वसंतो इलो हा, दारात उभो आसा, तेका भितुर घेवा. आमी म्हटला, तो न्हेवक इलो आसतलो. दार उघडून ठेयला. तर म्हणता, येणा नाय गो तो, नुसतो उभो आसा. आंगार धवो सदरो आसा. काय रे, वसंतान जाताना धवो सदरो घातललो काय?"

मी त्या दिवशी मुंबईत. दुसऱ्या पाळीला. मी दारात उभा नव्हतो.

हॉस्पिटलात दत्ताला पांढरा सदरा दिला होता. बाहीला नाडी. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आक्कालाही नाही, कुणालाच नाही.

आईला तो दिसला. माझ्या नावाने हाक मारत होती म्हणून आत आला नसेल.

६ सप्टें.

जेवण नको वाटतं. स्मिता डॉक्टरकडे नेते म्हणते.

१० सप्टेंबर, बुधवार

पितृपक्ष लागून तीन दिवस झाले. दशमी मंगळवारी. सहा दिवस.

आता माझं वय बघता पुढचा म्हाळ मिळेल न मिळेल. मी गेलो तर सुनील "दत्ताराम" म्हणून पान मांडील. त्या पानावर कोण येईल? आणि मी कुठे जाऊ? गावी वसंताच्या पानावर शिरवाळे आहेत, माझेच आहेत. पण त्या दारात पन्नास वर्षं तो उभा आहे.

आक्का त्र्याऐंशीची. ती गेली तर हे सांगायलाही कुणी उरत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

स्मिताला विचारलं, ग्रुपवर न जाता एकालाच कसं पाठवायचं. तिने दाखवलं. "कुणाला गुपित सांगताय बाबा? गावाकडे मैत्रीण आहे वाटतं?" हसलो.

सोसायटीच्या बाकावर बसून बोललो. तीनदा पुसलं. एकदा वॉचमन आला, एकदा खोकला, एकदा मीच "मी दत्ता" अशी सुरुवात केली. सवय.

१४ सप्टेंबर, रविवार

पाठवलं. प्रकाशला सांगितलं, हे आधी ऐकू नकोस, आक्काच्या कानाला लाव आणि तू बाहेर जा. "काय मामा, सस्पेन्स!" म्हणाला, पण ऐकेल. चांगला आहे.

जे बोललो ते: आक्का, मी वसंत. मी मेलो नाही. कावीळ दत्ताला झाली होती. कणगीत मीच होतो, तू माझा डावा कान धरला होतास. दत्ताचं पान राहिलं गं. ह्या वर्षी त्याच्या नावाने मांड. त्याला गोड नको, वडा आणि काळ्या वाटाण्याचं सांबार घाल. माझं मांडू नकोस. मला शिव्या दे, पण त्याला हाक मार, त्याच्या नावाने.

एवढंच. रडलो नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

निळ्या खुणा आल्यात. ऐकलंय. सकाळी अकरालाच ऐकलंय.

दुपारपर्यंत वाट बघितली. प्रकाशला फोन केला. म्हणाला, "आई ओटीवर बसलीय. जेवली नाही. तुम्ही काय सांगितलंत तिला?" मी म्हटलं, जुनी आठवण.

"मामा, एक सांगू? ती मघाशी मागच्या दाराशी जाऊन कुणालातरी 'ये' म्हणाली. मी बघितलं तर कोणी नव्हतं."

दत्ता की वसंता, काय नाव घेतलं? प्रकाश म्हणाला, नाव नाही ऐकलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार. दशमी

सकाळपासून फोन हातात. बॅटरी दोनदा भरली. साडेबाराला प्रकाशचा फोटो.

पाच पानं.

आजा, बाबा, आई. चौथं दत्ताचं. सांगितलं तसंच, काळ्या सांबाराचा डाग, गोडाचा नाही. साफ. डाग सोडून काही नाही उरलं, पानच तेवढं फाटलंय. तो जेवला. पन्नास वर्षांनी जेवला माझा भाऊ. फोटो मोठा करकरून बघितला.

पाचवं कडेला. त्यावर शिरवाळे होते हे रसाच्या डागावरून कळतं. तेही साफ. आजवर जे कधी कुणी शिवलं नाही ते.

खाली प्रकाशने लिहिलंय: "मामा, चमत्कार! ह्या वर्षी आईने एक पान जास्त मांडलं, कुणाचं ते सांगत नाही. दोन्हींवर कावळे एकदमच आले. वसंतमामाचं पान आधी संपलं."

मी म्हटलं होतं माझं मांडू नकोस. विसरली? की रागाने मांडलं, तू मला मेलेलाच म्हणून? की मायेने, तुझ्या वाटणीचं म्हणून? तिने नुसतं मांडलं, हे समजू शकतो. पण कावळ्याला कोणी सांगितलं?

दुपारी स्मिता ताट घेऊन आली. "बाबा, आज तुम्ही खादाडपणा करता ना दर वर्षी, मुद्दाम जास्त केलंय." एक घास गेला नाही. पोट भरलेलं आहे. सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही आणि पोट गच्च भरलेलं आहे. तोंडात गुळाची आणि नारळाच्या रसाची चव आहे. चूळ भरली, पुन्हा भरली. जात नाही.

स्मिताला विचारलं, मी दिसतो ना नीट तुला? म्हणाली, "असं काय बोलता?" आणि सुनीलला फोन लावायला गेली.

आक्काला पुन्हा पाठवलं. तिथे बोललो तेच इथे लिहून ठेवतो. आक्का, पाचवं पान कुणाचं मांडलंस ते सांग. रागाने सांग, शिव्या देऊन सांग, पण माझं नाव घेऊन सांग. मी इथे गॅलरीत बसलोय, फोन मांडीवर आहे, ग्रिलवर कावळा बसलाय आणि आज तो जात नाहीये. लवकर कळव गं.