उन्हाकडे पडणारी सावली

बुधवार, ५ जून
पोचले एकदाची. बांडुंगपासून बसमध्ये शेजारी कोंबड्या होत्या. माणसांपेक्षा बऱ्या, बडबड नाही. जावई ओदांग नाक्यावर न्यायला आला होता. त्याची मी एमा, म्हणजे आई; नातीची निनी, म्हणजे आजी. नातीने, नूरीने, कोरी वही दिली, म्हणाली, निनी, तुझं अक्षर कोंबडीचं, गिरव. माझी इमास चार महिन्यांपूर्वी तापाने गेली. आता या दोघांना शिजवून घालायला मी. आल्या आल्या मिरच्यांचं सांबाल वाटलं, दोघं पोटभर जेवली.

शनिवार, ८ जून
हे गाव चित्रं काढून पोट भरतं. एका घरी आभाळ, दुसऱ्या घरी भातखाचरं, तिसऱ्या घरी झोपड्या; कापड असं घरोघर हिंडतं आणि शेवटी ओदांगकडे येतं. ऊन-सावली त्याची. ऊन नेहमी डावीकडून. त्याने ब्रश फिरवला की मेलेली झोपडी जिवंत दिसते. शेजारीण एचिन म्हणते, तुझा जावई दुसऱ्यांच्या घरांवर ऊन पाडतो, स्वतःच्या तोंडावर पाडायला विसरतो. एक नेम मात्र सगळे पाळतात: आधी अंग, मग सावली.

बुधवार, १२ जून
ओदांग जे काढतोय ते आपलंच घर आहे. पायरीवर बाईची सावली. बाई नाही. डावा खांदा खाली, पाण्याची घागर वाहून वाहून झालेला. तो खांदा मी ओळखणार नाही तर कोण?
विचारलं. मान खाली घालून म्हणाला, “एमा, सावली आधी काढली की अंगाला यावंच लागतं.”
एचिनला सांगितलं तर तिच्या हातातलं पाखडायचं सूप पडलं. तिच्या सासऱ्याने बजावलं होतं म्हणे, बिनअंगाची सावली जवळच्या रक्ताचं अंग खाते.
म्हटलं, तुझा सासरा ताडी प्यायचा.

रविवार, १६ जून
सकाळी नऊ वाजता खऱ्या पायरीवर ती सावली होती. ऊन समोरून येत होतं, सावली मागे पडायला हवी. ही उन्हाकडे पडली होती. झाडून पाहिली. केरसुणी तिच्यातून गेली, ओली होऊन आली.
आरडाओरडा केला नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं.

मंगळवार, १८ जून
चार वाजता नूरी कपडे वाळत घालत होती. कपड्यांची सावली अंगणात लांबच लांब. दोरीची सुद्धा. पोरीची नाही.
हात धरला. नदीतल्या दगडासारखा गार. दोन दिवस ती नीट जेवत नाहीये, मला वाटलं नखरे.

बुधवार, १९ जून
ओदांगला म्हटलं, पूस ते. त्याने टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसलं, रडत. कापड कोरं झालं. पायरीवरची तशीच — आता टाचही दिसते. भेगा पडलेली, इमासची टाच.
नूरीला उठवत नाही.
माझी पोर वाईट नव्हती हो. हिला अंग हवंय, आणि कुणाचं घेतेय ते हिला कळत नाही. आई असून कळत नाही.

गुरुवार, २० जून, सकाळ
पायरीवर बसले, सावलीच्या वर नीट. ओदांगला म्हटलं, कापड आण, सावली होती तिथे माझं अंग काढ. रक्त माझंही आहे.
नाही म्हणाला. पाया पडला. तेव्हा म्हटलं, “तुला मुलगी देताना मी रडले नाही. ब्रश उचल.”

दुपार
पाय काढून झाले. माझे पाय मला जाणवत नाहीत —
खालची सावली आता बरोबर मागे पडतेय. कुशीत शिरल्यासारखी. जड आहे. लहानपणी होती तशीच जड —

नूरी दारात आली. भात मागतेय. तिच्या पायाशी सावली — पातळ, पण आहे —

कमरेपर्यंत झालं. ओदांगचे डोळे वाहतात, रेघ हलत नाही. उजवा हात शेवटी काढ, सांगितलंय —

ओदांग, लिहून ठेवते. बरं वाटलं तरी पोरीला लगेच न्हाऊ घालू नको. उवा बघत जा. आणि निनी कुठे गेली विचारलं तर तिला सांग की —