कडीवाला मासा

॥ श्री ॥
शेवरखेडे, ता. चोपडा
२४ फेब्रुवारी १९८८

चि. रुपचंद यास अक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. यांचा खोकला थांबला. पण हे पत्र खुशालीचं नाही, चौकशीचं आहे.

काल दुपारी धुळ्याहून एक जीप आली. आत कोणी पितांबर वकील आणि आणखी तिघं, पायात गुडघ्यापर्यंत बूट. मला वाटलं मोजणीवाले आले. तर म्हणाले, आमचं गळाने मासे धरणाऱ्यांचं मंडळ आहे, रुपचंद आमचा सभासद, आणि तुमच्या देवीच्या डोहावर आम्हाला स्पर्धा घ्यायची आहे. तुझं नाव निघालं म्हणून चहा केला, नाहीतर पाणीसुद्धा विचारलं नसतं.

या डोहातला मासा कोणी धरत नाही हे तुला माहीत आहे. अन्वरचं पोटच माशावर, तरी तोही देवळापासून पार खाली, उथळ पाण्यात जाळं लावतो. वकील म्हणतात, आम्ही मासा मारत नाही, धरतो, वजन करतो आणि सोडून देतो. मी विचारलं, मग खाता काय? ते नुसते हसले. प्रश्नाला हसणारा माणूस काहीतरी लपवतो असा माझा अनुभव आहे. शेजारच्या भागाबाईने तर तोंडावरच विचारलं की धरतस नि सोडतस, मंग धरतसच कसाले? त्यावरही हसले.

देवळाचा कारभार यांच्याकडे. यांना जीपवाल्यांचं बोलणं गोड लागलंय, पण म्हणतात, तुझा भाऊ त्यात आहे तेव्हा तू हो म्हणालीस तर हो. म्हणजे उद्या काही झालं की माझ्या माथी. तेव्हा खरं काय ते लिही. आणि जीपमध्ये मागे एक मोठी पत्र्याची पेटी होती, ती कशाला?

प्रमिलाला व मुलांना आशीर्वाद. माया आहेच, पण उत्तर लवकर हवं.

तुझी अक्का


धुळे
१ मार्च १९८८

ती. सौ. अक्कास रुपचंदचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र प्रमिलाने मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, अक्का पोलिसात असत्या तर धुळ्यात कुलूप लावायची गरज पडली नसती. दुधात बोट बुडवून बघणारी तू, तुला वकिलांचं हसू पचणार नाही हे मी त्यांना आधीच सांगायला हवं होतं.

पेटीत बर्फ असतो आणि बर्फात सोड्याच्या बाटल्या. हवं तर स्पर्धेच्या दिवशी येऊन उघडून बघ.

भागाबाईंना मात्र काय सांगू? वर्षभर कचेरीत बसून मी दुसऱ्यांच्या सह्यांची वाट बघतो. मोठा महाशीर मासा गळाला लागून दोरा ओढायला लागला की हातात जीव आल्यासारखं वाटतं. तेवढ्यासाठी धरतो. खायचा लोभ नाही, म्हणून सोडतो. आमचे नियम कडक आहेत. गळाला उलटा काटा नाही, म्हणजे तोंड फाटत नाही. मासा वर आला की ओल्या गोणपाटात घ्यायचा, वजनकाट्याला लावायचा, वजन बोलायचं की लगेच पाण्यात. तू पान लावेस्तोवर सगळं उरकतं.

आणि एक विचारू? नवस फिटला की तुमचा झुलाल गुरव देवीच्या माशाच्या पंखात चांदीची कडी अडकवतो, ते काय माशाच्या हौसेने? तुमची ती भक्ती आणि आमचा तो खेळ, हा न्याय कुठला?

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी पत्र पाठव, इतकंच मागणं.

तुझा रुपचंद


॥ श्री ॥
शेवरखेडे
१५ मार्च १९८८

चि. रुपचंद यास अनेक आशीर्वाद. तुझ्या शब्दावर मी हो म्हटलं, स्पर्धा झाली आणि तू रविवारी जीपमधून हात हलवत गेलास, तेव्हापासून गावात दुसरा विषय नाही.

आधी तुझ्या न्यायाचं. झुलाल फुटाणे टाकून मासा टोपलीत घेतो, पण पाण्यातल्या पाण्यात. कडी अडकवतो तीही पाण्यातच. देवीच्या माशाला आम्ही वारा लागू देत नाही. तेव्हा आमची बरोबरी तुमच्याशी करू नकोस.

आता कबूल करते. सकाळपासून मी छत्री घेऊन घाटावर बसले होते ती स्पर्धा बघायला नाही, तुमच्यावर नजर ठेवायला. तुमचे लोक नाश्त्याला गेले तेव्हा पेटीही उघडली. बाटल्याच होत्या. एक उघडून वास घेतला, सोडाच होता. धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात गेला, हे मी स्वतः पाहिलं. माझा संशय फिटला.

आणि मग तुझ्या गळाला तो लागला. किती वेळ झुंजलास, तुझा शर्ट घामाने अंगाला चिकटला. गोणपाटात घेऊन वर आणलास आणि मला पंखातली कडी दिसली. रुपचंद, तुला कधी सांगितलं नव्हतं. परवाच्या साली तुला कावीळ झाली, डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा मी देवीला बोलले होते. तू उठून बसलास आणि त्या नवरात्रात मी कडी घातली. झुलालकडे चांदीच्या तारेची पिळाची कडी असते, ही माझ्या जोडव्याची होती, म्हणून लाखात ओळखली. तुझ्या जिवाचा मासा देवीने तुझ्याच हातात दिला! मी तिथेच रडले. मग तबक आणायला भागाबाईला घरी पळवलं. तुम्हा दोघांना ओवाळल्याशिवाय सोडते होय?

तू दोनदा म्हणालास, अक्का, पुरे. मी तुला गप्प केलं. माशाच्या कपाळी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, बायकांनी एकेकीने हात लावून पाया पडून घेतलं. तेवढ्यात फोटोवाल्याचा रोल संपला, तो नवा घालेपर्यंत सगळे खडकावर तसेच थांबलो. ऊन काय तापलं होतं! मासा सारखं तोंड उघडत होता, मिटत होता. भागाबाई म्हणाली, आशीर्वाद देतोय.

सोडल्यावर जरा आडवा झाला, मग गेला खाली. बक्षिसाची ढाल तुला मिळाली, मला त्याहून मोठं मिळालं. फोटो आले की आधी मला पाठव. देवी तुला उदंड आयुष्य देवो.

तुझी अक्का


॥ श्री ॥
शेवरखेडे
१९ मार्च १९८८

चि. रुपचंद यास आशीर्वाद. लिहायला हात होत नाही. काल पाडव्याच्या सकाळी, गुढ्या उभ्या राहत होत्या तेव्हा, कडीवाला मासा मेलेला सापडला. खाली उथळात, अन्वरच्या जाळ्याच्या खुंट्यांपाशी. कडी तशीच पंखात.

तुझ्या जिवाचा मासा असा मेलेला पाहून मला काय वाटलं असेल, विचार कर. तुझी तब्येत कशी आहे? डोळे पिवळे नाहीत ना?

गावाचं म्हणणं एकच. स्पर्धेत डोहातले मोठे मासे अन्वरने पाहिले, त्याची नियत फिरली, पाण्यात काही कालवलं असणार. मलाही तेच वाटतं. एवढी वर्षं देवळाखाली जाळं लावून तो गप्प बसलाय, कशाची वाट बघत होता कोण जाणे. सरपंच अभिमनआबा म्हणतात, रामनवमीनंतरच्या सोमवारी बैठक घेऊ आणि त्याची जाळी नदीवरून कायमची उठवू. नदी सुटली तर त्याला गाव सोडून जावं लागेल. गेला तर जाऊ दे.

त्याची हमीदा माझी पोलकी शिवते. काल दाराशी येऊन रडत होती. मी कडी लावून घेतली.

प्रकृती कळव. जीव थाऱ्यावर नाही.

अक्का


धुळे
२२ मार्च १९८८

ती. सौ. अक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि. वाईट झालं. माझी प्रकृती उत्तम आहे, काळजी नको. गाव म्हणतं तसंच असेल. जाळेवाल्याचंच काम. तू यात फार शोध घेऊ नकोस, बैठकीलाही जाऊ नकोस, पुरुष माणसं बघून घेतील. फोटो काही नीट आले नाहीत, त्यांची वाट बघू नकोस.

सर्वांस नमस्कार. मनाला लावून घेऊ नये, ही विनंती.

रुपचंद


॥ श्री ॥
शेवरखेडे
२४ मार्च १९८८

रुपचंद, आशीर्वाद. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वरणात मीठ जास्त की कमी यावर माझ्याशी दोन दिवस भांडणारा तू, आणि आज चार ओळींत गाव म्हणतं ते खरं? माझं कधी पटलं नाही ते एका दिवसात कसं पटलं?

शिवाय फोटो नीट आले नाहीत म्हणतोस. वकिलांनी काल जीपच्या माणसाबरोबर मोठा फोटो पाठवला, चौकटीत बसवून. माझ्या तबकातली ज्योतसुद्धा स्पष्ट दिसते. यांनी तो देवळात लावलाय. मग खोटं का लिहिलंस?

आणखी ऐक. हमीदा म्हणते, अन्वर स्पर्धेच्या दुसऱ्या दिवसापासून पाडव्यापर्यंत शिरपूरला लग्नात होता. माझा विश्वास नव्हता. मी आपल्या गाडीच्या तोताराम कंडक्टरला विचारलं, भागाबाईच्या शिरपूरच्या जावयाकडून खात्री करून घेतली. होता. जाळी त्याच्या घराबाहेर बाभळीवर वाळत होती, ती तर मीच जाता-येता पाहिली होती आणि विसरले होते.

म्हणजे आता संशय तुझ्यावर. तुमच्या गळाला काही लावलेलं होतं का? ढालीसाठी माशाला काही पाजलंत का? देवीची शपथ, सोमवारच्या आत मला खरं कळव. एका माणसाचं घर उठतंय.

अक्का


धुळे
२७ मार्च १९८८, रविवार

ती. सौ. अक्कास रुपचंदचा साष्टांग नमस्कार. हे पत्र तोतारामच्या हाती देतोय, आज मुक्कामी गाडीने मिळेल.

गळाला काही नव्हतं. आम्ही काही पाजलं नाही. अक्का, मासा पाण्याबाहेर राहिला म्हणून मेला.

झुंजून तो आधीच अर्धा झाला होता. तेव्हा त्याला ताबडतोब पाणी हवं होतं. गोणपाट खडकावर वाळून कोरडं पडलं, तू कुंकू लावत होतीस, बायका हात लावत होत्या, रोल बदलत होता. तो आशीर्वाद देत नव्हता, त्याला श्वास मिळत नव्हता. मला हे कळत होतं. पुरे, पुरे म्हणालो, पण तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि सगळा घाट बघत होता. तुझ्या हातातलं तबक बाजूला सारायचं धैर्य मला झालं नाही.

तुझं एकोणीस तारखेचं पत्र आलं तेव्हाच मी समजलो. मग वाटलं, अक्काला हे कळलं तर ती अन्न सोडेल. त्यापेक्षा अन्वरवर जाऊ दे. हे लिहिताना माझी मलाच किळस येते. कडीच्या गोष्टीवर तुझ्याशी वाद घालून जिंकलो असं समजत होतो, पण सोडून दिलं म्हणजे हात स्वच्छ, हे मी इतकी वर्षं कशाच्या जोरावर मानलं? मासा खाली गेला की आम्ही टाळ्या वाजवतो आणि जीपमध्ये बसतो. पुढे त्याचं काय होतं ते बघायला कोणी थांबलेलं नाही. मीही नाही.

ढाल काल वकिलांकडे परत दिली. त्यांना वाटलं, मी आजारी आहे. उद्या बैठकीत माझं नाव सांग. गळ माझा, हौस माझी. तुझं नाव घेऊ नकोस, एवढं ऐक.

तुझा रुपचंद


॥ श्री ॥
शेवरखेडे
३० मार्च १९८८

चि. रुपचंद यास अनेक आशीर्वाद. तुझं पत्र चिमणीशी धरून वाचलं आणि सकाळपर्यंत तशीच बसून राहिले. अन्न सोडलं नाही. एक दिवस सोडलं, मग यांनी ताट समोर ठेवलं.

सोमवारी बैठकीला गेले. देवळातला फोटो काढून पदराखाली नेला होता. अभिमनआबा म्हणाले, बाईमाणसाचं इथे काय काम. मी फोटो सगळ्यांसमोर ठेवला आणि सांगितलं की मासा अन्वरने नाही, आम्ही मारला. धरला माझ्या भावाने, पण सोडू दिला नाही तो मी. फोटोत माझं तबक आहे, तुमच्या बायकांचे हात आहेत, आणि कडेला आबा, तुम्हीही हसत उभे आहात. मी माझं नाव घेऊ नये असं तू लिहिलं होतंस, पण ज्योत माझ्या हातात आणि नाव तुझं, हे माझ्याने होणारं नव्हतं.

अन्वरची जाळी राहिली. पण अजून दोघं-तिघं म्हणतात की अक्का त्याला पाठीशी घालते. डोहावर आता तुमची स्पर्धा नाही. वकील दुसरा डोह शोधतील, आणि तिथेही एखादी अक्का असेल. झुलालच्या कड्यांचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही. पण माझी कडी मी परत घेतली नाही, माशाबरोबर काठाच्या वाळूत पुरली.

हमीदाकडे गेले होते. तिने बसायला दिलं, चहा दिला आणि माझी पोलकी न शिवता तशीच पिशवीत घालून हातात दिली. तिने आधी दार वाजवलं होतं तेव्हा मी उघडलं नव्हतं.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. माझ्या मायेपोटी तू एका माणसाला उठवायला निघाला होतास. पण राग ज्याच्यावर करावा असा भाऊ देवीने ठेवलाय, हेही विसरत नाही. प्रमिलाला आशीर्वाद.

भाऊबीजेला ये. ओवाळीन. तू पुरे म्हणालास की थांबेन.

तुझी अक्का