क्यूशूला जाणारा आठ नंबर

४ मार्च, मंगळवार

हो म्हणून आले. रग्बीतलं मला ओ की ठो कळत नाही, आणि एका रग्बी खेळाडूला जपानी शिकवणार आहे!

मेले शाळेच्या गेटपाशी भेटली. तिची मुलगी आना आमच्या अनयाच्या वर्गात. दोन वर्षं आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसतोय. आज तिने थेट विचारलं, तुला खरंच जपानी येतं का? अनयाने वर्गात सांगितलं होतं म्हणे — "माय मॉम स्पीक्स जॅपनीज, बट ओन्ली टू द टीव्ही."

मेलेचा नवरा सेमिसी. मूळचा टोंगा बेटांवरचा, वाढला ऑकलंडला, आता इथल्या प्रोफेशनल क्लबमध्ये खेळतो. आठ नंबरची जर्सी. जपानच्या क्यूशू बेटावरचा एक क्लब त्याला घ्यायचा विचार करतोय. मेले सांगत होती, हल्ली भल्याभल्यांना जपानचे वेध लागलेत. न्यूझीलंडमधले, दक्षिण आफ्रिकेतले, सगळे निघालेत. पण या क्लबकडे जागा एक आणि नजरेत माणसं दोन. दुसरा दक्षिण आफ्रिकेचा आहे. कोच आधी त्याला भेटणार, मग जूनमध्ये इथे येणार. अट एकच — मैदानावर जपानीत बोलता आलं पाहिजे. एजंटने दिलेलं ॲप सेमिसीने दोन दिवसांत डिलीट केलं.

नवऱ्याला, प्रसादला, सांगितलं तर म्हणाला, "वर्क परमिट आलंय, कर की. पण रग्बी?" आणि हसत सुटला. मीही हसले.

मनात मात्र धाकधूक. पुण्यात गाड्यांच्या कंपनीत दुभाषी होते, तेव्हा जपानी इंजिनिअर मला घेतल्याशिवाय शॉप फ्लोअरवर पाऊल टाकत नसत. अमेरिकेत, बेलव्ह्यूला आल्यापासून ते सगळं पेटीत गेलं. शिल्लक किती आहे, देव जाणे.

७ मार्च

पहिला तास. मेलेच्या डायनिंग टेबलवर. सेमिसी खुर्चीत मावत नाही — खुर्ची बिचारी करकरत होती. माणूस मात्र लाजाळू. मी पुण्यात क्लासमध्ये शिकवायचे तशी सुरुवात केली. हिरागाना लिपी, मग स्वतःची ओळख. थोड्या वेळात त्याच्या पापण्या जड. शेवटी खाली मान घालून म्हणाला, शाळेतही माझं असंच व्हायचं.

१० मार्च

आजही तेच. फ्लॉप.

१४ मार्च

सापडलं!

'मिगी' म्हणजे उजवीकडे हे तो तिसऱ्यांदा विसरला तेव्हा माझं डोकं फिरलं. पुस्तक मिटलं आणि त्याला बॅकयार्डमध्ये नेलं. मी मिगी म्हटलं की उजवीकडे पळ. हिदारी — डावीकडे. माए — पुढे. मोदोरे — मागे फीर. एवढा डोंगराएवढा माणूस, पण वळतो मांजरासारखा! घामाघूम झाला, आणि एकही शब्द चुकेना. मेले खिडकीतून बघत होती. तिच्या तोंडावरची काळजी आज पहिल्यांदा सैल झाली.

काही लोकांना भाषा पायांतून चढते म्हणायचं. आता क्लास पार्कात.

२५ मार्च

भुरभुर पाऊस, थंडी, मी जाड जॅकेटमध्ये गवतात उभी राहून जपानीत ओरडतेय. अनया आणि आना त्याच्या मागेमागे पळतात. कुत्री फिरवायला आलेले लोक थांबून बघतात. आज महाराष्ट्र मंडळातली मीनाक्षी जॉगिंग करताना दिसली. कोणावर ओरडतेयस विचारलं. म्हटलं, विद्यार्थी आहे माझा. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पळत गेली. मंडळाच्या ग्रुपवर आत्तापर्यंत पोचलं असणार.

क्रियापद शेवटी का येतं, त्याने विचारलं. म्हटलं, आमच्या मराठीतही तसंच. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबावंच लागतं. ते त्याला पटलं. आदरार्थी बोलण्याची मला धास्ती होती — चांगले शिकलेले अमेरिकन तिथे गटांगळ्या खातात. हा म्हणाला, आमच्या टोंगन भाषेत राजासाठी वेगळे शब्द, सरदारांसाठी वेगळे, आपल्यासारख्यांसाठी वेगळे. त्याला एका दमात समजलं. मीच थक्क.

१२ एप्रिल, शनिवार

आयुष्यातली पहिली रग्बी मॅच. प्रसाद 'फक्त ड्राइव्ह करायला' आला होता. क्रिकेटशिवाय बाकी सगळे खेळ हा टाइमपास, असं मानणारा माणूस — हाफटाइमपर्यंत उभा राहून ओरडायला लागला. सेमिसी तिघांना अंगावर घेऊन रेषेपार पडला तेव्हा प्रसादने शेजारच्या अनोळखी आजोबांना मिठी मारली.

मी वेगळंच बघत होते. घरात चार शब्द न बोलणारा सेमिसी मैदानात अखंड बोलतो. सगळ्यांच्या मागे उभा राहून तो पुढच्यांना जागा दाखवतो, ओळ सरळ ठेवतो, दमलेल्याला नावाने हाक मारतो. त्याचं निम्मं काम तोंडाचं आहे! आणि मी त्याला रेस्टॉरंटमध्ये ऑर्डर कशी द्यायची ते शिकवतेय. घरी आल्यावर जुना अभ्यासक्रम रद्द. सोमवारपासून फक्त तो मैदानात बोलतो ते.

३ मे

आज भांडले त्याच्याशी.

जपानी मॅचची कॉमेंटरी लावून मी विचारत होते, कळलं? तो म्हणायचा, हाय — म्हणजे हो. कळलं? हाय. काय कळलं ते सांग म्हटल्यावर गप्प. म्हणजे काहीच नाही! मी चिडले. कळत नसताना मान हलवणारा माणूस सगळ्यात धोकादायक, कंपनीत असल्याच एका होकारामुळे लाइन बंद पडलेली मी पाहिलीय — असं बरंच सुनावलं.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "गिरिजा, गेल्या रविवारी आमच्या बार्बेक्यूला सगळे न्यूझीलंडवाले बोलत होते. तू पूर्ण दुपार मान हलवत होतीस."

पुस्तकं उचलली आणि निघून आले.

४ मे

खरंय त्याचं. इथे आल्यापासून सवयच लागलीय. कोणी विनोद केला, कोणी इन्शुरन्सचं काही सांगितलं, कोणी 'अँड व्हॉट डू यू डू?' विचारलं — हसायचं, मान हलवायची, डिप घ्यायला उठायचं.

आज फोन करून त्याला सॉरी म्हटलं आणि नियम केला. दोघांसाठी. कळलं नाही की तिथल्या तिथे बोलायचं — सुमिमासेन, वाकारिमासेन, मो इचिदो. माफ करा, समजलं नाही, पुन्हा एकदा. आवाज मोठा, मान ताठ.

१६ मे

अनयाच्या टीचरबरोबर मीटिंग. मॅथच्या नव्या ग्रुपबद्दल ती भराभरा बोलत होती. मी तिला दोनदा थांबवलं. तिने कागद घेऊन नीट समजावलं. शेवटी कळलं की अनयाला वरच्या ग्रुपमध्ये टाकतायत, आणि नेहमीसारखी मान हलवली असती तर मी खालचा ग्रुप समजून घरी येऊन रडत बसले असते!

७ जून, शनिवार

झोप कसली येतेय. सगळं लिहूनच टाकते.

सकाळी कोच आले. इमामुरा-सान. साठीचे, बुटके, टोपी डोळ्यांवर ओढलेली. बरोबर एक असिस्टंट. सेमिसीच्या क्लबमधले दहा-बारा जण मदतीला उभे होते. कोच जपानीत सांगणार, सेमिसीने ऐकून बाकीच्यांना हलवायचं आणि जपानीतच उत्तर द्यायचं. मी मैदानाबाहेर. अवाक्षर काढायचं नाही, हे मला वाकून, अतिशय नम्रपणे बजावण्यात आलं.

सुरुवात झकास. मिगी, माए, मोदोरे — सेमिसी गरजत होता, ओळ त्याच्या शब्दासरशी सरकत होती. मेलेने माझा हात घट्ट धरला होता. मी मनात म्हटलं, जिंकलो.

आणि मग कोच रंगात आले. रंगात आले ते स्वतःच्या बोलीत! ठसठशीत क्यूशूची, गावाकडची, सुसाट. मलाच निम्मं कळेना. मी शिकवलेली भाषा पुस्तकातली, टोकियोची. कोणी पुण्याच्या पुस्तकातून मराठी शिकावं आणि त्याला एकदम मालवणच्या बंदरावर उभं करावं, तसं. त्याला बोलीबद्दल सांगायचं मला सुचलंच नव्हतं. चूक पूर्ण माझी होती.

सेमिसी थांबला. सगळेच थांबले. त्याने हात वर केला.

"सुमिमासेन. वाकारिमासेन. मो इचिदो."

कोच पुन्हा बोलले. तसंच. त्याने पुन्हा तेच म्हटलं. आवाज जराही खाली नाही. असिस्टंट जमिनीकडे बघायला लागला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मेलेने डोळे मिटून घेतले. मग कोच स्वतः मैदानात धावत गेले, दोघा खेळाडूंना खांद्याला धरून हलवलं, तेच वाक्य ओरडत. सेमिसीने ते ऐकलं, पाहिलं — आणि तस्संच, त्याच हेलात, त्याच गावरान झटक्यात ओळीवर फेकलं. ओळ सरकली. फट बुजली. कोचनी पुढचं वाक्य टाकलं. याने विचारलं, पुन्हा झेललं. नंतर तर दोघं जण एकमेकांवर असे ओरडत होते की जणू एकाच गल्लीत वाढलेत.

संपल्यावर कोच माझ्याकडे आले. टोपी काढली. म्हणाले, "दक्षिण आफ्रिकेतला मुलगा उत्तम आहे. पण तो सगळ्याला हाय म्हणाला. मैदानात खोट्या हायने शेजारच्याचा खांदा मोडतो. 'समजलं नाही' म्हणायला याला कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, आम्ही दोघं मिळून शिकलो.

१० जून

झालं! सेमिसीचं नक्की. दोन सीझन!

मेलेने फोनवर फक्त रडायचं काम केलं. नंतर फोन सेमिसीकडे. तो जपानीत म्हणाला, सेन्सेई — म्हणजे बाई — तुमच्यामुळे झालं. क्रियापदासकट, आदरार्थी, एकही चूक नाही. मी श्रीखंड केलं. प्रसाद ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगून आला की माझ्या बायकोने एक रग्बी प्लेअर जपानला पाठवला.

आईला पुण्याला फोन केला. तिला रग्बी म्हणजे काय ते समजावता समजावता दमले. शेवटी म्हणाली, "म्हणजे तू पुन्हा कामाला लागलीस ना? मग झालं."

११ जून

हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. फक्त सेमिसीला माहीत आहे, तो समोर होता.

इमामुरा-सान रविवारी निघण्याआधी आम्हा दोघांना भेटले. त्यांच्या क्लबची दुभाषी मुलगी लग्न करून ओसाकाला चाललीय. आता पाच देशांचे खेळाडू, आणि बोलणारं कोणी नाही. तुम्ही याल का, म्हणाले. जागा पूर्ण वेळची. मैदानाच्या कडेला, टीमबरोबर.

मी हसून म्हणाले — कांगाएते ओकिमासु. विचार करून ठेवते. जपानी माणसाला त्याचा अर्थ बरोबर कळतो. सभ्य नकार. त्यांनी मान लववली आणि गेले.

दुसरं काय म्हणणार होते? प्रसाद ग्रीन कार्डच्या रांगेत अकरा वर्षं उभा आहे. अनयाची शाळा इथे. मूर्खपणा आहे सगळा. आजचं पान इथेच बंद.

१५ जून, रविवार

सेमिसी-मेलेकडे सेंड-ऑफचा बार्बेक्यू. गाणी, हार, केळीच्या पानात भाजलेलं मांस. आमच्यासाठी पनीर. सेमिसीने भाषण केलं, माझं नाव घेतलं, सगळ्या क्लबने टाळ्या वाजवल्या. मी या देशात इतकी उंच कधीच झाले नव्हते.

आणि मेले — सेमिसीने तिला सांगितलं असणार — भाबडेपणाने प्रसादला म्हणाली, गिरिजाने जपानची ऑफर घेतली असती तर किती मजा आली असती ना.

गाडी प्रसादने नेहमीपेक्षा हळू चालवली. अनया मागे झोपली होती. घराच्या ड्राइव्हवेमध्ये इंजिन बंद करून तसाच बसून राहिला. मी बाजू मांडायला लागले — तुझी रांग, तुझी इतकी वर्षं, मी कशी काय…

"माझ्या रांगेचं कारण तू मला न विचारता वापरलंस," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे वळून बसले.

"मी येईन की नाही, मला आत्ता माहीत नाही. खरंच माहीत नाही. भीती वाटतेय. पण तुला जायचं नसेल तर नाही म्हण. माझ्या नावावर नाही म्हणू नकोस, गिरिजा."

मग तो अनयाला उचलून आत घेऊन गेला. मी गाडीतच बसून राहिले. वाईट वाटायला हवं होतं. पण छातीत काहीतरी ढोलासारखं वाजत होतं.

१९ जून

इमामुरा-सानना फोन केला. त्यांना वाटलं, सेमिसीच्या विमानाबद्दल आहे. मी सरळ म्हटलं, मला यायचं आहे. त्यांनी फक्त विचारलं, कधीपासून?

ऑगस्टपासून. एकटी. प्रसाद आणि अनया ख्रिसमसच्या सुट्टीत येऊन बघणार, पुढचं तिघं मिळून ठरवू.

घरात सांगितलं. अनया म्हणाली, "फॉर रिअल?" प्रसाद उठला, गराजमध्ये गेला आणि त्याची मोठी बॅग झटकून माझ्यासमोर आणून ठेवली.